बटणाची बाजू

आमच्या खोलीची एक भिंत कायम गरम असायची. भिंतीपलीकडून वाफेची जाडजूड नळी गेली होती, बॉयलरखान्यातून निघून थेट कागद वाळवायच्या खात्याकडे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी खोली दाखवताना आधी तीच भिंत दाखवली. म्हणाल्या, "हात लाव. तुझा नवरा पाळीवर असला की ही अशी लागते. दुसऱ्या कुणाच्या पाळीत कधी चटका देते, कधी गारठते. आपल्याकडचा माणूस आगीपुढे असला की एकसारखी."

मला हसू आलं होतं. सुनेला भिंत कोण दाखवतं! पण पुढे भोंगी झाली आणि त्या भिंतीशिवाय माझं पान हलेना. दोऱ्या बांधून तिथेच लंगोट, तिथेच दुपटी. ओलं कापड टाकलं की भांडी घासून होईपर्यंत वाळून कडक. मग मी ते गालाला लावून बघायची. कापडाला कोळशाचा हलका वास यायचा आणि मला वाटायचं, चला, आपला माणूस जागेवर आहे.

भोंगी हे काही तिचं खरं नाव नाही. ती जन्मली तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि हिने त्याच्याही वरचा सूर लावला. भोंगा थांबला, ही थांबेना. हे पाळी संपवून काळ्या तोंडाने दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हिला वाफ कोण पुरवतंय?" तेव्हापासून ती भोंगी. बारशाचं नाव सासूबाईंनी हौसेने ठेवलं होतं, ते कपाटात ठेवलेल्या साडीसारखं घडी घालूनच राहिलं.

हे आगवाले होते. बॉयलरच्या भट्टीचं लोखंडी दार उघडायचं, आत कोळसा फेकायचा, लांब सळईने आग सारखी करायची, दार लावायचं, पाणी बघायचं, पुन्हा दार उघडायचं. सांगायला एवढंच. पण कोळसा कुठे पडतोय हे बघायला आगीत बघावं लागतं, आणि चांगली आग लाल नसते, पांढरी असते. तिच्याकडे बघताना डोळे बारीक करायचे असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बारीक केले तर नीट दिसत नाही, हेही माहीत असतं.

यांच्या डोळ्यांचं मला थंडी सुरू झाली तेव्हा कळलं. चहा ओतताना कपाच्या कडेवर ओतला. मी म्हटलं, "लक्ष कुठंय?" तर म्हणाले, "तुझ्याकडे." मी लाजले, फडकं आणलं, पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, स्वतः पुसलं आणि आत गेल्या. मागोमाग गेले, तर चुलीपुढे बसून राहिल्या होत्या.

"तुझ्या मामंजींचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "चहापासूनच."

मामंजीही आगवालेच. मी आले तेव्हा ते नव्हते. कोपऱ्यात त्यांची काठी मात्र होती. आगवाल्याला काठी कशाला लागत असेल, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

डॉक्टरकडे आम्ही दुसऱ्या पेठेत गेलो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टरांनी डोळ्यापुढे दिवा धरला, पापणी वर केली. "आत अंड्यातल्या पांढऱ्यासारखा भाग असतो, समजा," ते म्हणाले. "उष्णतेने शिजला की पांढरट होतो. तसं झालंय. आग सोडा आधी. मग काय करता येतं ते पाहू."

परत येताना हे वाटेत थांबले. मग म्हणाले, "बघ, घरात खायची पंचाईत, आणि डॉक्टर म्हणतात तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यात अंडी आहेत."

मी हसले नाही, म्हणून तेच हसले.

आग सोडायची म्हणजे खोली सोडायची. खोली कारखान्याची होती, आगवाल्यासाठी. आग सोडली की भिंत गेली, चूल गेली, भोंगीचा पाळणा टांगायची कडी गेली. म्हणून ठरलं की कुणाला सांगायचं नाही. ठरलं म्हणजे कुणी बोलून ठरवलं नाही. डबा भरताना मी विचारलं, "मिस्त्रींना काही बोलणार आहात का?" आणि हे म्हणाले, "चटणी घातलीस का?"

खरं तर डोळ्यांविना त्यांचं फारसं अडत नव्हतं. कोळसा फावड्यात किती आला हे मनगटाला कळायचं. आगीची भूक आवाजावरून. आणि पाणी, जे सगळ्यात महत्त्वाचं, ते कानाने. बॉयलरच्या पोटावर एकाखाली एक असे तीन जुने पितळी नळ होते. वरचा उघडला तर वाफेची सणसणीत शिट्टी यायला हवी, खालचा उघडला तर पाण्याची फसफस. मधला कसा बोलतो त्यावरून पाणी कुठवर आहे ते कळायचं. हे म्हणायचे, "म्हातारा खोटं बोलत नाही." बॉयलरला ते म्हातारा म्हणायचे.

पण नळ गळत होते. नवे मिस्त्री आले, बॉयलरखान्याचे मुख्य, नीटनेटके, शर्टाच्या बाह्या दुमडूनही डाग न पडणारे. त्यांनी तिन्ही नळ काढून भोकं बुजवली आणि एक नवी उभी काचेची नळी बसवली. बॉयलरमध्ये जितकं पाणी, तितकंच काचेत. "आता कानाचं काम नाही," ते म्हणाले, "नुसतं बघायचं."

घरी येऊन यांनी मला ते तसंच सांगितलं, मिस्त्रींची नक्कल करून. आणि मग पाटावर बसून राहिले.

"काच भरलेली असली तरी पारदर्शक," ते म्हणाले, "आणि रिकामी असली तरी पारदर्शक. मधली रेघ दिसली तरच कळतं. मला रेघ दिसत नाही गं."

"अंदाजाने जास्त पाणी सोडत राहायचं," मी म्हटलं.

"आणि अंदाज चुकला तर? पाणी संपून भट्टीवरचा पत्रा लाल झाला असेल, आणि त्यावर मी गार पाणी सोडलं, तर म्हातारा फुटतो. फुटला तर शेजारचं चिंध्यांचं खातं जागेवर राहत नाही. काच रिकामी दिसली की पाणी सोडायचंच नाही. एकच करायचं. आग ओढून बाहेर काढायची. सगळी."

चिंध्यांच्या खात्यात लग्नाआधी मी होते. गावभरच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांतून बटणं, हुक, शिवणी कापून काढायच्या आणि चिंध्या निवडायच्या. पुढे त्यांचा कागद व्हायचा. धुळीने खोकत, गप्पा मारत बसणाऱ्या साठ-सत्तर बायका. बॉयलर आणि आमच्यामध्ये एक विटांची भिंत. तिला पाठ टेकून मी शेकायची. आमची सोयरीकही तिथलीच. हे पाणी प्यायला आमच्या रांजणाशी यायचे आणि बायका म्हणायच्या, "आला गं कोळशाचा राजा, रांजण झाका."

पट्ट्यांची युक्ती मला सुचली ती भोंगीमुळे. फळीवर पाण्याची गोल बाटली होती, मागे गादीचं जुनं पट्टेरी कापड लोंबत होतं. भोंगी कडेवरून बाटलीकडे झेप घेत होती. तेव्हा पाहिलं, बाटलीमागचे तिरके पट्टे उलटे झुकलेले दिसत होते. बाटली ओतून रिकामी केली. पट्टे सरळ, आहेत तसे. पुन्हा भरली. पुन्हा उलटे. मी वेड लागल्यासारखी ओतत आणि भरत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "पाणी काय फुकट आलंय?"

चिंध्यांच्या खात्यातून मैत्रिणीकडून गादीचं जाड कापड मागून आणलं, बोटाएवढे काळेपांढरे पट्टे असलेलं. ते तिरकं कापून शिवलं. काचेमागे टांगलं की पट्टे कोळशाच्या ढिगाकडे झुकायचे. पण काचेत पाणी असलं, तर पाण्यातून बघताना तेच पट्टे दाराकडे झुकलेले दिसायचे. दाराकडे म्हणजे पाणी आहे. कोळशाकडे म्हणजे नाही. रेघ शोधायला नको. काचेला नाक लावलं आणि शेजारी कंदील धरला की झुकाव यांना कळायचा, धुक्यातून झाड कळतं तसा.

एकच काळजी होती. कापड दोन्हीकडून सारखं. उलटं टांगलं तर सगळंच उलटं. म्हणून मी पुढच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात एक बटण शिवलं. माझ्या जुन्या डबीतलं, शिंपल्याचं, गुळगुळीत. हे अंधारात बोटाने बटण शोधायचे आणि बटण आपल्याकडे करून टांगायचे. मिस्त्रींनी विचारलं तर सांगायचे, काचेवर धूळ बसू नये म्हणून आहे.

"बटणाची बाजू माझी," हे म्हणायचे, "बिनबटणाची म्हाताऱ्याची."

जाड्याला मात्र सगळं माहीत होतं. हा यांच्या आधीच्या पाळीचा आगवाला. नाव जाड्या आणि अंगावर बोटभर मांस नाही. सासूबाई त्याला म्हणायच्या, "वारा सुटला की दाराला धरून उभा राहा बाबा." तो काही बोलला नाही, पण पाळी सोडताना म्हाताऱ्याला चार घोट जास्त पाजून जायला लागला. म्हणजे यांच्या पाळीत पाणी कमी पडायची भीती नको. यांच्या लक्षात आलं, पण तेही काही बोलले नाहीत. दोघं एकमेकांना तंबाखू मळून द्यायचे, एवढंच.

असे दिवस गेले. चांगले गेले, असं आता म्हणावंसं वाटतं.

भोंगीच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या. मिळेल ते तोंडात. माझी वेणी, पाळण्याची दोरी, सासूबाईंच्या चपलेचा अंगठा. रविवारी कारखाना बंद, आग नुसती राखेखाली धुमसत ठेवलेली, भिंत कोमट. मी पट्ट्यांचं कापड धुऊन भिंतीशी वाळत घातलं. हे अंघोळ करून भोंगीला मांडीवर घेऊन बसले होते. ते तिला नेहमी बोटांनीच बघायचे. कपाळावरून, नाकावरून, गालाच्या खळीवरून. मला वाटायचं, केवढे लाड करतं हे माणूस. तिच्या तोंडात बोट घालून हिरडी चाचपताना एकदम ओरडले.

"आला! अगं, आला! दात आला!"

मी वाकून बघितलं, मला काही दिसेना. सासूबाईंना दिसेना. "तुम्हाला डोळे असून काय उपयोग," हे म्हणाले. माझं बोट धरून त्यांनी तिच्या हिरडीवर ठेवलं. होता. तांदळाच्या कणीएवढा, धारदार.

मग सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं आणि खाली ठेवलं. ती रांगत भिंतीकडे गेली. ऊब तिलाही आवडायची. मी चुलीकडे वळले. ती तिथे लोंबत्या दुपट्यांमध्ये शिरून बसली होती आणि बराच वेळ गप्प होती. मला बरं वाटलं, जरा हात मोकळे झाले.

सोमवारी पहिल्या भोंग्याला हे उठले. अंधारातच कापड भिंतीवरून काढून घडी करून खिशात घातलं. मला म्हणाले, "नीज. डबा मी घेतो." भोंगीने रात्रभर छळलं होतं. मी निजले.

उठून दुपटी वाळत घातली. दुसरं पिळून आणलं, आधीचं उलटवायला गेले, तर भिंत हाताला कोमट लागली. सोमवार, यांची पाळी, आणि भिंत कोमट. मी तळहात दाबून धरला. हाताखाली ती गार होत होती, तापलेला तवा उतरवून ठेवल्यावर होतो तशी. सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि त्यांनीही येऊन हात लावला.

"जा," त्या म्हणाल्या. "मला काय विचारतेस, जा!"

भोंगीला काखोटीला मारलं आणि धावले.

चिंध्यांच्या खात्याच्या बायका सगळ्या बाहेर अंगणात उभ्या होत्या, डोक्याला फडकी, अंगावर धूळ. कुणी घाबरलेली, कुणी हसत होती. "अगं, तुझ्या नवऱ्याने आज सुट्टी दिली आम्हाला!" माझी मैत्रीण म्हणाली. "'बाहेर व्हा, बाहेर व्हा' ओरडत सुटला. मी तर हातातली कात्री घेऊनच पळाले." मग माझं तोंड बघून तिने बॉयलरखान्याकडे बोट केलं.

बॉयलरखान्याच्या फरशीवर आगच पसरलेली होती. अख्खी भट्टी ओढून बाहेर काढलेली, निखाऱ्यांचा ढीग, त्यावर राख आणि पाण्याची वाफ. हे मध्ये उभे. सळई अजून हातात. पायांतल्या बुटांमधून धूर येत होता, त्यांचं लक्ष नव्हतं. तोंडावर भीती नव्हती. उलट, कसं सांगू, एखाद्याने पोर विहिरीतून वर काढलं की तो कसा दिसेल, तसे ते दिसत होते.

"सगळ्या निघाल्या का?" त्यांनी कुणालातरी विचारलं. "चिंध्यांच्या सगळ्या निघाल्या का?"

मिस्त्री काचेपुढे उभे होते. त्यांनी काचेवर नख वाजवलं. "कशासाठी?" ते म्हणाले. "आग का काढली?"

"काच रिकामी होती."

"रिकामी?" मिस्त्रींनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना काचेशी आणलं. "बघ. नीट बघ. काठोकाठ भरलीय. एक थेंब जास्त झाला तर वर सांडेल. तिकडे चालू यंत्रावर कागद फाटलाय, वाळवायचे सगळे रूळ गार पडलेत. आणि हे काय लटकवलंय मागे? पोरीचं दुपटं?"

कुणीतरी हसलं.

आणि मला दिसलं. दारातूनच दिसलं. कापडाच्या कोपऱ्यात बटण नव्हतं. दोऱ्याचा पुंजका तेवढा होता, आरपार शिवलेला, दोन्ही बाजूंना सारखाच लागणारा. कापड उलटं होतं. पट्टे मुळातच दाराकडे झुकलेले. जाड्याने सोमवारच्या जोराच्या आगीसाठी म्हणून यांना काळजीच राहू नये असं काठोकाठ पाजून ठेवलं होतं, आणि भरलेल्या काचेतून ते पट्टे यांना कोळशाकडे झुकलेले दिसले. खालपासून वरपर्यंत सगळे. पाणी नाही. मग यांनी तेच केलं जे करायचं असतं.

मिस्त्रींनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते. "माझ्या हातात काय आहे?" त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला.

हे बघत राहिले. मी बघत होते. मला ओरडून सांगायचं होतं, पण काय सांगायचं?

"किल्ली," हे म्हणाले.

मिस्त्रींचा तळहात रिकामा होता. त्यांनी तो तसाच थोडा वेळ धरला आणि मग हळूच खिशात घातला, जणू त्यांनाच त्याची लाज वाटली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मुलगी व्हायच्या आधीपासून."

मी भोंगीला घट्ट धरलं. मला वाटत होतं, थंडीपासून. म्हणजे त्या दिवशी दारात उभं राहून हिला वाफ कोण पुरवतंय म्हणाले, तेव्हाही यांना ती दिसली नव्हती. सगळे म्हणायचे, डोळे अगदी बापावर गेलेत, आणि हे नुसतं "असतील" म्हणायचे. मला वाटायचं, भिडस्त स्वभाव.

"माझ्या हातात असतं तर झाडू मारायला तरी ठेवला असता," मिस्त्री म्हणाले. "पण वरचे विचारतील. ज्याला दिसत नाही तो माणूस मी म्हाताऱ्यापुढे ठेवला होता, असं मी कसं सांगू?" त्यांनीही म्हातारा म्हटलं, हे माझ्या लक्षात राहिलं. "खोली महिनाअखेरपर्यंत राहू दे."

जाड्या तोवर धावत आला होता, अर्धवट झोपेतला, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं. तो यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "मीच भरलं होतं," एवढंच म्हणाला. "मीच काठोकाठ भरलं होतं रे."

"बरं केलंस," हे म्हणाले. "पाणी असलेलं बरं."

घरी येऊन मी त्यांचे बूट काढले. तळव्यांना फोड आले होते. सासूबाई पळीत तेल कोमट करत बसल्या. भोंगी रांगत यांच्या मांडीशी आली आणि उभं राहायला तिने यांचा गुडघा धरला. यांनी हात मागे घेतले. दोन्ही हात बगलेत दाबून बसले.

"घ्या ना तिला," मी म्हटलं.

"नको."

"का?"

"बोटं गेली," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. "डोळे गेले ते गेले. पण आज सकाळी कापडाचा कोपरा चाचपला, बटण लागेना. या बाजूला चाचपलं, त्या बाजूला चाचपलं. नुसता दोरा लागतोय. म्हटलं, असं कसं, बटण तर आहेच, हिने शिवलंय म्हणजे आहेच. म्हणजे बोटंच मेली. आगीने डोळे खाल्ले तशी बोटंही खाल्ली. दोऱ्यावरून अंदाज केला आणि टांगलं."

ते थांबले. भोंगी त्यांच्या गुडघ्याला धरून डोलत होती.

"आता हिला कशाने बघू?"

मला तिथे बसवेना. मी उठले आणि उगाच पाळण्यातलं अंथरूण झटकायला घेतलं. झटकताना दुपट्याच्या घडीतून काहीतरी टपकन फरशीवर पडलं आणि गोल फिरत थांबलं. शिंपल्याचं बटण. मागे दोऱ्याचा तुकडा, आणि कडेवर एक बारीक ओरखडा, तांदळाच्या कणीएवढ्या दाताचा.

सासूबाईंनी ते बघितलं. मी बघितलं. त्यांनी मान हलवली. सांगू नकोस, अशी की सांग, अशी, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. सांगितलं तर बापाची भाकर पोरीने तोडली असं होणार, जन्मभर. नाही सांगितलं तर हा माणूस यापुढे तिला हात लावणार नाही.

मी जाऊन त्यांचा हात बगलेतून ओढून काढला, उघडला आणि बटण तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते अंगठ्याने फिरवलं. एकदा. पुन्हा. ओरखड्यावर अंगठा थांबला.

"कुठे होतं?"

"पाळण्यात. हिने... काल भिंतीशी बसली होती ना."

त्यांचा चेहरा बदलला, पण मला भीती होती तसा नाही.

"तोंडात होतं?" ते म्हणाले. "अगं, गिळलं असतं तर? नरड्यात अडकलं असतं तर?" त्यांनी भोंगीला एका झटक्यात उचललं, तिच्या तोंडात बोट घातलं, गालात, जिभेखाली, टाळूला, सगळीकडे फिरवलं. ती संतापून किंचाळली, मग त्यांचं बोट कचकन चावली. त्यांनी बोट काढलं नाही. तसेच बसले, चावू देत.

मग म्हणाले, "म्हणजे बोटं खरं सांगत होती. बटण नव्हतंच. मीच ऐकलं नाही त्यांचं."

ते मला उद्देशून नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पांढुरक्या बुबुळांवरून ते पाणी कसं दिसतं ते मी प्रथमच जवळून बघितलं. सासूबाई त्यांच्या तळव्यांना तेल लावत राहिल्या. त्यांनी हे तेल आधीही एका माणसाला लावलेलं होतं.

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला. हे सवयीने उठून बसले. पाय खाली सोडले आणि मग आठवून तसेच थांबले. भोंगी जागी झाली, तिने आपला भोंगा लावला.

मी भांडी गाठोड्यात बांधायला काढली होती. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, माझ्या भावाला निरोप धाडला होता, त्याच्याकडे आधीच माणसं मावत नव्हती. पण हात रिकामे ठेवले तर वेड लागेल असं वाटत होतं. हे भिंत धरत धरत गरम भिंतीपाशी गेले, दुपटी बाजूला सारली आणि तळहात टेकवला.

"जाड्याला माझ्या पाळीवर घातलाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"भट्टीचं दार जास्त वेळ उघडं ठेवतो तो. बघ, आत्ता तापतेय, आता उतरेल." मी हात लावला. उतरली. "आगीत फार बघत बसतो. दार लवकर लाव म्हणून त्याला किती वेळा सांगितलं."

"मग पुन्हा सांगा ना. संध्याकाळी येईल तो."

"काय सांगू? बघू नकोस म्हणू? बघितल्याशिवाय कोळसा टाकता येतो का?"

त्यांनी हात काढला नाही. भिंत पुन्हा तापत गेली. मला दोऱ्या सोडायच्या होत्या, दुपटी घडी करायची होती, आणि ते नेमके तिथेच उभे होते. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही. त्यांच्या भोवतीनेच एकेक दुपटं काढत राहिले.